तांब्यावरचं नाव

रात्री घरी यायला उशीर झाला की आई दार उघडायची आणि मी चपला काढायच्या आत पाण्याचा तांब्या हातात द्यायची. "आधी पाणी पी." तांब्या वर धरून, तोंड न लावता प्यायचं, ही घरची पद्धत. तसं पिताना मान मागं जाते आणि पिऊन झालं की मोठा श्वास सुटतो. आई तेव्हा अगदी जवळ उभी असायची. रिकामा तांब्या परत घ्यायला ती थांबलीय, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. ती वास घेत होती.

तांब्या पितळी, जुना, बुडाला थोडा चेपलेला. काठाखाली झिजलेली अक्षरं. आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, लग्नातला तांब्या, एवढं आम्हा भावंडांना माहीत होतं. त्या अक्षरांकडं कुणी निरखून पाहिलं नव्हतं.

वास घेते हे मला कळलं तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. बी.कॉम. होऊन सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला लागलो होतो. बरोबरच्या एकाचं लग्न ठरलं म्हणून आम्ही सहा-सात जण हायवेवरच्या ढाब्यावर जेवायला गेलो. शेंगाचटणी, भाकरी, कांदा समोर आला, आणि बाटल्याही आल्या. मी अर्धी बाटली बिअर प्यालो. कडू लागली, आवडली नाही, पण ग्लास हातात घेतल्यावर खाली कसा ठेवायचा ते कळेना. येताना बडीशेप खाल्ली, पान खाल्लं. आईनं तांब्या दिला. मी पाणी प्यालो, श्वास सोडला, आणि तिचा चेहरा बघितला.

ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, आणि स्वतः जेवली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बाबा मला सिद्धेश्वर तलावाच्या काठाला घेऊन गेले, बराच वेळ पाण्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "परत नको." मी म्हटलं, "नाही परत." का नको ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घरी आल्यावर आई जेवली.

उत्तर मी माझ्या मनानंच ठरवून टाकलं होतं. बहिणीचं स्थळ बघायचं चाललं होतं, आणि आपल्याकडं स्थळ बघताना पगारानंतरचा दुसरा प्रश्न "मुलाला काही व्यसन?" हाच असतो. 'निर्व्यसनी' हा शब्द मी लग्नाच्या जाहिरातींखेरीज क्वचितच कुठं वाचला असेल. एका घरातला भाऊ पितो म्हटल्यावर बहिणीचं स्थळ परत जातं. तेव्हा आईचा राग हा अब्रूचा राग, चार लोक काय म्हणतील याची भीती, असं मी धरून चाललो. त्यात मला थोडा कमीपणाही वाटला तिचा. पुढची २७ वर्षं मी प्यालो नाही, पण मनातून ते पटलेलंही नव्हतं. आईचं मन राखायचं म्हणून राखलं.

यंदाच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला मुलगा पुण्याहून घरी आला. तिथं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, २१ पूर्ण झालेत. जानेवारीतले हे चार-पाच दिवस सोलापुरातला माणूस कुठंही असला तरी त्याचे पाय गावाकडं ओढ घेतात. पांढऱ्या बाराबंदीतले लोक, तोलून धरलेले नंदीध्वज, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हटल्यावर अंगावर येणारा काटा. सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा झाला, रात्री तो मित्रांबरोबर होम मैदानावर गेला, आणि साडेअकराला परतला. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. आई बहात्तरची, गुडघे दुखतात, तरी दार तिनंच उघडलं. तांब्या दिला.

त्यानं पाणी प्यायलं, आणि तांब्या परत न देता तो तिच्याकडं बघून म्हणाला, "आज्जी, तू वास घेतेस ना?"

मी आतल्या खोलीत होतो. अंथरुणावर उठून बसलो.

"मी पितो कधीकधी. बिअर. रूमवर, मित्रांबरोबर. आज नाही पिलो. मला एकवीस पूर्ण झाल्यात, कायद्यानं बिअर चालते. पण तुला चालत नाही, हे मला माहितीय. तुला एवढा राग का येतो, ते सांग की. मी ऐकतो."

त्या क्षणी मला त्याचा राग आला, आणि लगेच दुसरी गोष्ट लख्ख कळली. हे मी विचारायला हवं होतं. मी २७ वर्षं आईचं ऐकलं, पण तिला विचारलं एकदाही नाही.

कायद्याचं त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. आपल्याकडं बिअरला २१ आणि कडक दारूला २५ अशी वयाची अट आहे. पण ज्या कायद्यात ती आहे तो १९४९ चा दारूबंदीचा कायदा. मुंबई प्रांतानं केला, १९६० ला महाराष्ट्र झाला तरी तोच राहिला, नावातल्या मुंबईचं पुढं महाराष्ट्र झालं, इतकंच. त्या कायद्यानुसार आजही प्यायचा परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा तहहयात. पिणाऱ्या कितीकांच्या खिशात तो असतो देव जाणे. म्हणजे कागदावर बंदी आहे, बंदीतूनच परवानगी आहे, आणि तिजोरीला त्यातून उत्पादन शुल्क मिळतं. सरकारलाच आजवर ठरवता आलेलं नाही, ही चीज असावी की नसावी. आईनं मात्र दहाव्या वर्षी ठरवलं होतं.

ती उंबऱ्याजवळच्या पाटावर बसली, त्याला समोर बसवलं. मी खोलीच्या दारात येऊन उभा राहिलो. तिनं माझ्याकडं बघितलं, पण बोलली त्याच्याशी.

"माझा बाप गिरणीत साच्यावर होता. लई हुशार कामाला. चालत्या साच्यावर सुताची तार तुटली की दोन बोटांत धरून सांधायचा. आपण डोळं मिटून उघडेपतोर गाठ बसलेली असायची, आन हात फिरवला तरी गाठ लागायची न्हाई हाताला. मुकादम दुसऱ्यांना आणून दाखवायचा, बगा, असं सांधायचं."

आईचे वडील काविळीनं गेले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. फोटोही नाही त्यांचा घरात.

पगाराच्या दिवशी पाळी सुटायच्या भोंग्याआधी आजी आईला घेऊन गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. तशा कितीतरी बायका उभ्या असायच्या, पदर डोक्यावर, कुणी कुणाशी बोलत नसे. सगळ्यांना माहीत असायचं, सगळ्या कशाला आल्यात. भोंगा झाला, फाटक उघडलं की पुरुषांचा लोंढा बाहेर यायचा, केसांवर, भुवयांवर कापसाची भुकटी. आजी स्वतः पुढं जायची नाही. आईला पुढं करायची. "लेकीला बघून बाप लाजतो, तू जा." दहा वर्षांची पोर त्या गर्दीत शिरायची, माणसांच्या कमरेएवढी, आणि बापाचा सदरा पकडायची. सापडला तर तो काही न बोलता पाकीट तिच्या हातात द्यायचा. कधी त्यातून आधीच काही काढून घेतलेलं असायचं. कधी तो दुसऱ्या बाजूच्या फाटकानं निघून गेलेला असायचा. मग सगळी गर्दी ओसरून रस्ता मोकळा होईपर्यंत दोघी उभ्या राहायच्या.

"त्या दिवशी आई घरापतोर बोलायची न्हाई. माझा हात मातर घट्ट धरायची. दुखायचा."

ते दिवस बंदीचे. उघड दुकान नाही. गल्लीतल्या एका घरात रात्री हातभट्टी मिळायची, काळ्या गुळाची, नवसागर टाकलेली. ट्यूबमधून यायची. पिणारा तिथंच उभ्यानं प्यायचा, घाईघाईनं, रिकाम्या पोटी, पोलीस यायच्या आत. जेवणाबरोबर घोटघोट पिणं, चार माणसांत बसून पिणं, हे आईनं पाहिलेलंच नाही. तिनं पाहिलेलं पिणं म्हणजे अंधारात शिरलेला माणूस आणि तिथून बाहेर आलेला दुसराच कुणीतरी.

मी इथं थांबतो, कारण मला वाटतं आपल्याकडच्या आईबापांचा हा नकार समजून घ्यायला हीच जागा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के दारू पितात असं आढळलं, बायकांपैकी सुमारे १ टक्का. म्हणजे आपल्या देशात पाचातले चार पुरुष पीतच नाहीत. हे पुण्यात, आयटीतल्या पोरांच्या घोळक्यात राहून लक्षात येत नाही, तिथं सगळं जग पिताना दिसतं. उलट आईच्या पिढीला पिणारा दिसला तो वाड्यातल्या पाच बिऱ्हाडांतला एक, आणि त्या एका बिऱ्हाडाचं काय झालं हे उरलेल्या चौघांनी भिंतीपलीकडून ऐकलं. पिऊनही नीट संसार केलेला माणूस असेलही, पण तो कुणाला ऐकू आला नाही. दारू हा शब्द उच्चारला की आईला गिरणीचं फाटक दिसतं आणि माझ्या मुलाला रूमवरचा मित्राचा वाढदिवस. शब्द एकच, चित्रं दोन, आणि दोघंही खरं तेच बघतायत. भांडण शब्दावर होतं, चित्र कुणी कुणाला दाखवत नाही.

हे एका आईचं किंवा एका घराचं नाही, हे सोलापुरात तरी सांगायला नको. १९३० च्या मे महिन्यातलं आंदोलन आपण शाळेत शिकतो, मार्शल लॉ शिकतो, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा शिकतो. ती १२ जानेवारी गड्ड्याच्या दिवसांतच येते, पुतळ्यांना हार घातलेले असतात. पण त्या साऱ्याची ठिणगी कुठं पडली? गांधीजींच्या अटकेनंतर, ८ मे ला, लोक रूपाभवानीच्या देवळाकडं निघाले होते ते शिंदीची झाडं तोडायला. ताडी-शिंदीवर सरकार अबकारी घेत होतं, आणि ती शिंदी गिरणीकामगाराच्या मजुरीतून विकली जात होती. गोळीबार झाला तो त्या झाडांवरून. इंग्रजाविरुद्ध या गावानं त्या दिवशी हात उगारला तो कुऱ्हाडीचा, आणि ती पडली दारूच्या मुळावर. त्याच्याही ५० वर्षं आधी, १८८० साली, जोतीराव फुल्यांनी पुण्याच्या नगरपालिकेला पत्र लिहून शहरातल्या दारूच्या दुकानांना विरोध केला होता, घरं उद्ध्वस्त होतात म्हणून. आजही महाराष्ट्रात गावातल्या बायका मतदान करून दुकान बंद करू शकतात. चिन्हं दोनच, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान जातं. बायकांना ही बाटली आडवी का करावीशी वाटते, हे समजायला त्यांच्यातली कुणीही एक फाटकाशी उभी राहिलेली पुरे.

आणि पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू सुटते, मांस सुटतं. लोक याला धर्म म्हणतात, आहेच तो. पण मी आजीच्या नात्यातल्या बायकांना नवऱ्यानं माळ घालावी म्हणून विठोबाला नवस बोलताना ऐकलंय. तो नवस त्यांनी मोक्षासाठी बोललेला नव्हता.

एक गोष्ट मात्र मला बरीच वर्षं उमगत नव्हती, आणि मुलानं तीही त्या रात्री विचारली. "आज्जी, पण तुम्ही तर विड्या वळायचात. तंबाखूचं व्यसन चालतं, आणि बिअर चालत नाही?"

विड्यांवर आजीचं घर चाललं, हे खरं. तेंदूचा पत्ता भिजवायचा, मापानं कात्रीनं कापायचा, तंबाखू भरून वळायचा, दोऱ्यानं बांधायचा, तोंड मुडपायचं. दिवसाला हजार. आई शाळेतून आली की पाचशे वळायची. कारखान्यात मोजून घेताना पंचवीस-पन्नास छाट म्हणून बाजूला पडायच्या, त्यांचे पैसे नाहीत. सोलापुरातल्या किती घरांत चूल विडीवर पेटली याला गणती नाही. आजी मिश्री लावायची, बाबा तंबाखू खायचे. त्यावर घरात कुणी अन्न सोडलं नाही.

आई म्हणाली, "तंबाकू खाणारा माणूस रात्री घरी येऊन झोपतो, लेकरा."

या एका वाक्यात हिशेब आहे. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो, माणूस जातो, आमच्या ओळखीतले गेले. मी त्याची बाजू घेत नाही, आणि या बाबतीत आमच्या घरांनी डोळेझाक केली असंच म्हणतो. पण आईच्या पिढीनं व्यसन तब्येतीवर मोजलंच नाही. त्यांनी ते पगारावर मोजलं, रात्रीच्या झोपेवर मोजलं, शेजारी काय ऐकू गेलं त्यावर मोजलं. विडी ओढणाऱ्यानं पगार पोचवला की तो माफ. दारू पिणाऱ्यानं पगारही नेला आणि बापही नेला.

मुलगा म्हणाला, "पण मी एखादीच पितो गं."

"एक किती असतं ते पिणारा ठरवतो. घरच्यांना कुठं कळतं?"

मग तिनं हातांचं सांगितलं. तिच्या बापाचे हात सकाळी थरथरायला लागले. चहाची बशी तोंडापर्यंत जाईपर्यंत निम्मी सांडायची. थोडी घेतली की हात थांबायचे. ज्या हातांना दारूनं बिघडवलं तेच हात दारूवाचून चालेनात. साच्यावर तार तुटायची आणि त्यांना सांधता येईना. त्यांची बोटं धाग्याच्या अलीकडं-पलीकडं जायची. हे सांगताना आईनं आपला अंगठा आणि तर्जनी जवळ आणली, हवेत गाठ मारावी तशी, आणि ती दोन बोटं एकमेकांना लागू न देता तशीच धरून ठेवली. मुलगा त्या बोटांकडं बघत राहिला. मीही.

पुढं खाडे वाढले, नोकरी गेली, डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. आई पंधराची होती.

त्या रात्रीनंतर मी थोडं वाचलं. व्यसन जडण्याचा धोका जवळजवळ निम्मा रक्तातून येतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलंय. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते, आणि जितक्या लवकर सुरुवात तितकं सोडणं अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं दारूला १९८८ मध्येच कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय, तंबाखूच्याच गटात. २०२३ मध्ये त्या संघटनेनं सांगितलं की अमुक इतकी घेतली तर धोका नाही अशी पातळीच नाही. यातलं काही आईला माहीत नाही. पण मी तेविसाव्या वर्षी ज्या रात्री अर्धी बाटली पिऊन आलो, त्या रात्री तिला माझ्या तोंडाला आपल्या बापाचा वास आला होता. "रक्तात हाय," असं ती मनाशी म्हणाली असेल, आणि म्हणूनच तिच्या घशाखाली घास उतरला नसेल. मी समजत होतो ती लोकांना घाबरली. ती मला घाबरली होती.

पण तिनं तेव्हाच मला हे का सांगितलं नाही? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मी विचारलंही तिला, दुसऱ्या दिवशी. म्हणाली, "बापाचं उणं लेकाला कसं सांगावं? आन तू कवा इचारलंस?" दोन्ही खरंच. आपल्याकडं मेलेल्या माणसाचं वाईट बोलत नाहीत, त्यातून तो बाप. म्हणून आई गप्प, आजी गप्प, बाबांना माहीत असून बाबा गप्प. पोरांच्या वाट्याला येतो फक्त शेवटचा शब्द, "नको". आणि तो एकटा शब्द पोराला दटावणीसारखा लागतो. मग पोरं हायवेवरच्या ढाब्यावर जातात, गच्चीवर जातात, बडीशेप खातात, रात्री एक वाजता गाडी हाकत परत येतात, कारण वास जाईपर्यंत घरी जाता येत नाही. आईबापांचा नकार बरोबर आहे असं मला आता मनापासून वाटतं. त्यांचं गप्प बसणं बरोबर नाही. त्या गप्प बसण्यानं पोरांना दारूपासून लांब नेलं नाही, आईबापापासून लांब नेलं.

मुलींच्या बाबतीत तर मला आणखी एक म्हणायचंय. मुलगा प्यायला तर आई अन्न सोडते, मुलगी प्यायली असं नुसतं कळलं तरी घर तिच्यावर तुटून पडतं, शिक्षण बंद करण्यापर्यंत गोष्ट जाते. या रागात फाटकाची आठवण नसते. दारूनं संसार मोडल्याचं दुःख ज्यांनी सोसलं त्या बायकाच, आणि अब्रूचा सगळा भारही बायकांच्याच डोक्यावर? तो राग मला आईच्या रागाच्या शेजारी बसवता येत नाही.

मी कारखान्यात पगाराचं काम बघतो. पूर्वी रोख पगार वाटायचो तेव्हा दर महिन्याला दोन-तीन बायका ऑफिसच्या पायरीशी येऊन उभ्या राहायच्या. "साहेब, ह्यांच्या हातात नका देऊ, माझ्याकडं द्या." कामगाराचा पगार कामगारालाच द्यावा लागतो, तसा नियम आहे, ते मी त्यांना समजावून सांगायचो आणि माझ्या कामाला लागायचो. आता पगार खात्यावर जातो. कित्येक घरांत एटीएमचं कार्ड बायकोच्या पर्समध्ये असतं, कित्येकांत नसतं. फेब्रुवारीतल्या पगाराच्या संध्याकाळी मी घरी निघालो तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एटीएमच्या बाहेर एक बाई उभी होती, जवळ आठ-नऊ वर्षांची मुलगी. आत एक माणूस पैसे काढत होता. काच उघडली आणि बाईनं मुलीच्या पाठीला हलकेच हात लावला, पुढं हो म्हणून. हे मी याआधीही कितीदा पाहिलं असेल. मला ते दिसलं नव्हतं.

त्या रात्री गोष्ट संपली तेव्हा दीड वाजला होता. लांबून यात्रेतल्या लाउडस्पीकरचा आवाज येत होता, तोही बंद झाला. मुलगा काही कबूल झाला नाही, आईनं त्याच्याकडून शपथ घेतली नाही. त्याच्या हातात तांब्या तसाच होता. बोलता बोलता तो त्याला अंगठ्यानं पुशीत होता, आणि आता त्यानं तो दिव्याखाली धरला.

"आज्जी, ही काय अक्षरं आहेत? ...'हिस मामाकडून'. आधीचं नाव गेलंय. तुझ्या आईचं का?"

"न्हाई," आई म्हणाली.

आजीच्या लग्नातला तांब्या होता खरा, मामानंच दिलेला. घरातली भांडी एकेक करून गेली तसा तोही गेला, बाप गेल्याच्या आदल्या वर्षी. पुढं विड्यांचे पैसे साठवून आजी तो सोडवायला गेली तर दुकानदार म्हणाला, तुमचा केव्हाच मोडीत गेला, पण तसलाच दुसरा आहे. कोपऱ्यात गहाण पडून सोडवून न नेलेल्या भांड्यांचा ढीग होता. आजीनं त्यातला एक उचलून बघितला. तेवढाच, तसाच, त्यावरही मामाकडून. पैसे मोजले आणि घेऊन आली. नाव खोडून आपलं घाल म्हणून शेजारणी सांगत होत्या, तिनं घातलं नाही.

"मग हा कुणाचा?"

"आसंल तिचाबी आसाच गेलेला."

आईनं तांब्या त्याच्या हातातून घेतला, आत जाऊन विसळला, भरला, वर फुलपात्र पालथं घातलं आणि त्याच्या उशाशी आणून ठेवला.